कापा की बरका?

आपल्या होस्टेलवर एक गंमत नेहमी चालते. गॅदरिंगच्या दोन तासांच्या शूटिंगमधून कोणाला स्वतःचा पाच मिनिटांचा डान्स काढायचा असतो. मग तो एखादं एडिटिंगचं अ‍ॅप उतरवतो, त्यात ती अख्खी फाइल ओढतो, दोन टोकं सरकवतो, 'एक्स्पोर्ट' दाबतो आणि मेसमध्ये जेवायला जातो. परत येतो तेव्हा डान्स तयार असतो. चेहरे जरासे पुसट, कोपऱ्यात अ‍ॅपचा शिक्का आणि लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला! यात कोणालाच काही खटकत नाही. माझं म्हणणं असं की खटकायला हवं. निदान आपल्याला तरी, कारण आपण स्वतःला भावी इंजिनिअर म्हणवतो.

कापणे वेगळे आणि पुन्हा रेकॉर्ड करणे वेगळे. हा फरक जुन्या लोकांना चांगला माहीत होता. रेडिओच्या आणि गाण्यांच्या स्टुडिओत पाव इंची टेप असायची. नको तो भाग काढायचा असला की टेप खाचेत बसवायची, ब्लेडने ४५ अंशाच्या तिरक्या रेषेत कापायची आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. बाकीच्या टेपला कोणी हातही लावत नसे, म्हणून तिच्यावरचा आवाज होता तसाच राहायचा. याउलट आपल्या घरी दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर असायचा (आईबाबांना विचारा). एका कप्प्यात कॅसेट वाजवायची, दुसऱ्यात भरून घ्यायची. त्या कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी, असं करत गेलं की गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची.

आपली एडिटिंगची अ‍ॅप बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार करतात. व्हिडिओ फाइल म्हणजे दाबून बसवलेली माहिती असते. अ‍ॅप ती आधी पूर्ण उलगडते, प्रत्येक चित्र वेगळे करते आणि मग पुन्हा पहिल्यापासून दाबते. दर वेळी दाबताना थोडी माहिती फेकून दिली जाते, आणि फेकलेली परत येत नाही. दोन तासांतून पाच मिनिटं हवी होती, म्हणजे फक्त दोन ठिकाणी कात्री लावायची होती. त्यासाठी पाचही मिनिटं पुन्हा शिजवायची गरज काय?

कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात कळेल. फणस दोन जातींचा, कापा आणि बरका. काप्याचा गरा घट्ट, हवा तेवढा सोडवून घ्या, बाकीचा फणस जागच्या जागी. बरका मऊ, तो हाताने कालवायचा आणि पोळी घालायची. फणसपोळी चांगलीच लागते, माझी तक्रार नाही. पण पोळीतून परत गरा काढता येत नाही! पुढे मी याच अर्थाने कापा आणि बरका म्हणणार आहे.

काप्याचं काम करणारा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे आणि गेली पंचवीस वर्षं आहे. त्याचं नाव एफएफएमपेग. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार याने तो २००० साली सुरू केला, पुढे जगभरच्या लोकांनी वाढवला. व्हीएलसी प्लेअर त्याच्याच लायब्ररी वापरतो. ब्लेंडरमध्ये तो आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाचं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरलं, त्या उतरण्याच्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेतही एफएफएमपेग वापरलं होतं. एवढा मोठा प्रोग्रॅम, आणि आपल्याकडे त्याचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. कारण एकच, त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, काळा पडदा आहे आणि त्यावर टाइप करायचं आहे.

आता हे सगळं मला एवढं जवळचं का वाटतं, ते सांगते.

माझं आजोळ बुरोंडी. दापोली तालुक्यातलं, लाडघरच्या शेजारचं मासेमारीचं गाव. पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा बघायला टुरिस्ट येतात, तेच. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात, देवाची पालखी घरोघर फिरते आणि रात्री नमन उभं राहतं. ज्यांनी नमन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मृदंग आणि टाळ, आधी गण, मग गौळण, मध्ये उंच टोपीच्या काळ्या संकासुराची धमाल, आणि नंतर वग, तो पहाटेपर्यंत. २०१४ च्या शिमग्यात विरारच्या मोठ्या मामाने नवीन घेतलेल्या हँडीकॅमवर आमच्या वाडीचं अख्खं नमन शूट केलं. स्टँड लावून, एकाच जागेवरून, एका दमात. रेकॉर्डिंग पावणेपाच तासांचं झालं. पण कार्डात बघतात तर एक फाइल नाही, नऊ फायली!

याचं कारण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. मामाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला १७ मेगाबिट भरत होते. हिशेब करा, ४ जीबीला साधारण तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात. तेवढी झाली की कॅमेरा ती फाइल बंद करतो आणि न थांबता पुढची उघडतो. मृदंगावर थाप पडली काय आणि गौळणीची ओळ अर्धी झाली काय, त्याला त्याचं काही नाही. (काही फोटोच्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबायचं, त्याचं कारण आणखी मजेशीर आहे. युरोपात अर्ध्या तासाच्या वर शूट करणाऱ्या कॅमेऱ्यावर जास्त जकात बसायची. म्हणजे जकात युरोपची आणि नमन तुटणार कोकणात!)

मामाने त्या नऊ फायली तालुक्यातल्या एका स्टुडिओत दिल्या आणि दोन डीव्हीडी करून आणल्या. त्यांनी बरका केला. नऊ फायली वेगवेगळ्या उलगडल्या, वेगवेगळ्या दाबल्या आणि मग एकापुढे एक ठेवल्या. परिणाम असा, की आठही सांध्यांवर अर्धा सेकंद आवाज गायब. सिनेमात अर्धा सेकंद गेला तर कळतही नाही. पण मृदंगाच्या ठेक्यातून अर्धा सेकंद गेला म्हणजे एक आख्खी थाप गेली आणि पुढचा सगळा ठेका चुकीच्या पायावर पडतो. वाडीतली मुलं त्या डीव्हीडी बघून नाचायला लागली, की त्या आठ जागी सगळ्यांचे पाय अडखळायचे. नंतर तर त्यांना त्या जागा पाठच झाल्या होत्या.

मग त्या डीव्हीडीवरून कोणीतरी मोबाइलवर गौळण घेतली, ती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून एका अ‍ॅपमधून कापून तिसरीकडे. म्हणजे बरक्याचा बरका, त्याचा पुन्हा बरका. आवाज असा दाबला की सगळ्यात आधी मरतात ते वरचे, चिरके, चकाकणारे आवाज. म्हणजेच टाळ. त्या गौळणीतला टाळ आज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा ऐकू येतो आणि मृदंगाची चाट म्हणजे कोणीतरी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय असं वाटतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली तालुक्यात त्याने काय केलं ते इथल्या कोकणातल्या मुलांना सांगायला नको, माड आणि सुपारीच्या बागा झोपल्या, किती दिवस लाईट नव्हती. आजोळच्या घराची कौलं गेली आणि माळ्यावर जे काही होतं ते भिजलं. दोन डीव्हीडी, आजोबांच्या भजनाच्या कॅसेट, सगळं. मूळच्या नऊ फायली मात्र विरारला मामाच्या हार्ड डिस्कमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. त्या रात्री मृदंगावर बसलेले आजोबा आता नाहीत. त्यांचा नातू, जो माझ्या मामेभावाचा मित्र आहे, आता मृदंगावर बसतो. तो ठेका शिकतोय तो त्या पुठ्ठ्याच्या टिचक्यांवरून.

मामा गेल्या गणपतीत ती हार्ड डिस्क घेऊन गावी गेला. घरात मामेभावाचा जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, म्हणजे लाईट गेली की तोही गेला. मी इकडे होस्टेलवर. नऊ फायलींचे मिळून ३६ जीबी. मामेभाऊ म्हणाला, "ताई, नेटवर फायली जोडून देणाऱ्या साइट असतात ना?" असतात. पण त्यासाठी आधी ३६ जीबी तिकडे चढवायला पाहिजे. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट धरला तर न थांबता ८० तास, तेही एक मिनिट नेटवर्क न जाता! आणि वाडीचं नमन कुठल्या देशातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर ठेवतोय हेही माहीत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून पावणेपाच तास पुन्हा दाबायचे म्हटले तर त्या लॅपटॉपला सबंध रात्र पुरली नसती, आणि बुरोंडीत पावसाळ्यात सबंध रात्र लाईट राहील अशी पैज मी लावणार नाही.

म्हणून आम्ही ते फोनवरून केलं, आणि माझ्या मते कमांड लाइनचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. कमांड हे एक वाक्य असतं, ते फोनवर सांगता येतं. खिडक्या आणि बटणांचा प्रोग्रॅम फोनवर शिकवून बघा. "वर उजवीकडे एक चाकासारखं चित्र असेल बघ." "नाही गं ताई, माझ्यात चाक नाही, तीन आडव्या रेघा आहेत." "मग त्या रेघांवर..." अर्ध्या तासात दोघांचीही डोकी फिरतात, शिवाय पुढच्या व्हर्जनमध्ये ते चाक आणखी तिसरीकडे गेलेलं असतं. वाक्याचं तसं नाही. दहा वर्षांपूर्वी कोणी कागदावर लिहून ठेवलं असेल तर आजही बहुतेक तसंच चालतं.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणेच देते, कारण त्या फोनवरही उच्चारानेच गेल्या.

पहिली गोष्ट जोडण्याची. यात तर एफएफएमपेगही लागत नाही. हँडीकॅमच्या त्या एमटीएस फायली म्हणजे दोरीसारख्या असतात. आत ठरावीक मापाची छोटी छोटी पाकिटं एकामागोमाग, सुरुवातीला मोठी अनुक्रमणिका वगैरे काही नाही. कॅमेऱ्याने दोरी आठ जागी कापली होती, ती टोकाला टोक लावून जोडायची एवढंच. विंडोजच्या काळ्या पडद्यावर: कॉपी, स्पेस, स्लॅश बी, स्पेस, पहिल्या फाइलचं नाव, अधिक चिन्ह, दुसऱ्या फाइलचं नाव, अधिक चिन्ह, असं नऊपर्यंत, मग स्पेस आणि नव्या फाइलचं नाव. यातला स्लॅश बी विसरायचा नाही. तो नसेल तर कॉपी कमांड जोडताना फायलींना साधा मजकूर समजते आणि आत कुठे २६ नंबरचा बाइट, म्हणजे जुन्या काळचा कंट्रोल झेड, भेटला की 'संपली फाइल' असं मानून पुढच्या फाइलवर उडी मारते. डॉसच्याही आधीच्या जमान्यातली ही सवय विंडोजमध्ये अजून शिल्लक आहे. लिनक्सवाल्यांना यासाठी कॅट आहे.

मामेभावाने ते टाइप केलं, मी दोनदा वाचून घेतलं आणि एंटर. वीस-पंचवीस मिनिटांत ३६ जीबीची एक फाइल. वीस-पंचवीस मिनिटं हा हार्ड डिस्कचा वेग झाला, प्रोसेसरला काही कामच नव्हतं. लॅपटॉप गरमसुद्धा झाला नाही. आणि सांध्यांवर? काही नाही. आठही सांधे त्याने हेडफोन लावून ऐकले. ठेका सरळ चालला होता, कारण कॅमेऱ्याने मुळात एकही थाप खाल्लेली नव्हती.

दुसरं काम तुकडे पाडण्याचं. गण वेगळा, गौळण वेगळी, संकासुर वेगळा, म्हणजे शिकणाऱ्याला पावणेपाच तास पुढेमागे करत बसायला नको. आधी ती जोडलेली दोरी एका नीट डब्यात ठेवायची, ज्याला अनुक्रमणिका असते: एफएफएमपेग, स्पेस, डॅश आय, स्पेस, जोडलेल्या फाइलचं नाव, स्पेस, डॅश सी, स्पेस, कॉपी, स्पेस, नमन डॉट एमकेव्ही. यातलं 'डॅश सी कॉपी' हे खरं मर्म. त्याचा अर्थ, आतल्या मालाला हात लावू नकोस, आहे तसा उचलून ठेव. म्हणजेच कापा. ते लिहिलं नाही तर एफएफएमपेगसुद्धा निमूटपणे बरका करायला घेतं, तेव्हा दोष खिडकीचा किंवा काळ्या पडद्याचा नसतो हेही लक्षात घ्या.

डबा एमपीफोरचा न घेता एमकेव्हीचा का? कारण लाईट. एमपीफोरची अनुक्रमणिका साधारणपणे सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली तर अनुक्रमणिकाच नाही, म्हणजे आत ३० जीबी माल असूनही प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे. एमकेव्ही अर्धी राहिली तरी जेवढी झाली तेवढी चालते. हे बुरोंडीला फार उपयोगी आहे आणि आपल्या होस्टेललाही!

मग कापायचं: एफएफएमपेग, डॅश एसएस, सुरुवातीची वेळ, डॅश टीओ, शेवटची वेळ, डॅश आय, नमन डॉट एमकेव्ही, डॅश सी कॉपी, गौळण डॉट एमकेव्ही. दोन्ही वेळा डॅश आयच्या आधीच लिहायच्या. सुरुवातीची वेळ आधी आणि शेवटची नंतर लिहिली तर घड्याळ कापलेल्या जागेपासून पुन्हा शून्यावरून मोजलं जातं आणि तुकडा भलताच लांब निघतो.

इथे एक गंमत झाली. मामेभाऊ म्हणाला, "ताई, गौळण बावन्न मिनिटं एकोणपन्नास सेकंदांनी सुरू होते." मी कॉन्व्हेंटवाली. "एकोणपन्नास म्हणजे फोर नाइन की फाइव्ह नाइन रे?" पलीकडे हसण्याचा आवाज. "फोर नाइन गं ताई. आणि संपते एक तास सहा मिनिटं फोर नाइन." मग आम्ही एकेक आकडा सुटा बोलायचं ठरवलं. असो.

चौदा मिनिटांची गौळण काही सेकंदांत बाहेर आली. साईझ १.८ जीबीच्या आसपास. व्हिडिओ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली असती तर त्याने पुन्हा कालवली असती. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते, २०२२ पासून २ जीबीपर्यंतची चालते. ती मृदंगवाल्या मुलाकडे गेली. त्याने आजोबांची चाट पहिल्यांदा नीट ऐकली.

आता काप्याच्याही मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मध्ये मध्ये एक पूर्ण चित्र असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि त्याच्या पुढची चित्रं फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच सांगतात. म्हणून न शिजवता कापायचं तर सुरुवात कीफ्रेमवरच करावी लागते. हँडीकॅमच्या फाइलमध्ये अशी चित्रं साधारण अर्ध्या सेकंदाला असतात, तिथे फरक पडत नाही. पण एक्स-२६४ नावाच्या लोकप्रिय एन्कोडरचं ठरलेलं कमाल अंतर २५० चित्रांचं आहे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं असतील तर १० सेकंद! अशा फाइलमध्ये तुम्ही सांगितलेल्या जागेच्या काही सेकंद आधीपासून तुकडा सुरू होऊ शकतो. माझं मत असं, की दोन सेकंद जास्त आले तर येऊ द्यावेत. नुसत्या आवाजाला ही अडचण जवळजवळ नाही. एमपीथ्रीचा एक घास २६ मिलिसेकंदांचा असतो, तिथे कापलेलं कानाला कळत नाही.

जोडतानाही सगळीकडे दोरीचा न्याय लागत नाही. एमपीफोर फायली कॉपी स्लॅश बीने जोडल्या तर फाइल दुप्पट होते आणि वाजते फक्त पहिली, कारण अनुक्रमणिका पहिलीचीच वाचली जाते. त्यांच्यासाठी एका टेक्स्ट फाइलमध्ये नावांची यादी करायची, प्रत्येक ओळीत आधी 'फाइल' हा शब्द इंग्रजीत आणि मग अवतरणात नाव, आणि एफएफएमपेगला 'डॅश एफ कॉन्कॅट, डॅश आय यादी, डॅश सी कॉपी' सांगायचं. पण सगळे तुकडे एकाच जातीचे हवेत. एकाने आडवा मोबाइल धरलाय, दुसऱ्याने उभा, तिसऱ्याचा हँडीकॅम, असं असेल तर ते कापा पद्धतीने जोडले जाणार नाहीत. तिथे बरका करावाच लागतो. नावं घालायची आहेत, रंग सुधारायचे आहेत, तेव्हाही एडिटिंगचं सॉफ्टवेअरच हवं. आमच्या गॅदरिंगचं टायटल काळ्या पडद्यावरून करा असं मी म्हणणार नाही. आणि ज्यांना काळा पडदा बघूनच धडकी भरते त्यांच्यासाठी लॉसलेसकट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्याला खिडकी आहे, आत एफएफएमपेगच आहे. तोही चालेल. मुद्दा बटणाचा नाही, मूळ माल जपण्याचा आहे.

माझ्या रूममेटचा आक्षेप वेगळा होता. ती म्हणाली, "एवढं जपून करायचंय काय? मोबाइलच्या स्क्रीनवर कोणाला फरक कळतो?" पहिल्यांदा नाही कळत, हे खरंच आहे. पण पुढे कोण कुठल्या कारणाने ती फाइल उघडेल ते आज आपल्याला माहीत नसतं. मामाने २०१४ ला आठवण म्हणून शूट केलं होतं. मृदंग शिकायचं पुस्तक म्हणून नव्हे.

आणि तुकडे होणं ही काही आजची गोष्ट नाही. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांनी तबकड्या भरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, शेवटी स्वतःचं नाव सांगून. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तेवढाच वेळ. रंगभूमीवर वन्समोर घेत घेत रंगणारी आपली नाट्यपदं तबकडीवर तेवढ्यात बसवावी लागली. गाण्यावरच कात्री आली आणि जे गायलंच गेलं नाही ते आता कुठून जोडणार? फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, तो चार रिळांचा होता. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आहे. तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ ला पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मधलं गेलं ते गेलं. आपल्याला मात्र नऊच्या नऊ तुकडे मिळाले होते, आणि तेही नुकसान न करता जोडण्याचं हत्यार फुकट हातात असताना.

म्हणून मी जोडलेली फाइल झाल्यावरही मूळच्या नऊ फायली पुसू दिल्या नाहीत. मामेभाऊ म्हणत होता, जागा अडते. अडू दे म्हटलं. आपल्या कॉलेजलाही माझं हेच सांगणं आहे. लॉकडाऊनमध्ये, २०२० आणि २०२१ ला, सरांनी आणि मॅडमनी जी लेक्चर्स घेतली त्यांची रेकॉर्डिंग डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर पडून आहेत, तासाभराच्या फायलींत. त्यांचे टॉपिकप्रमाणे तुकडे करायचं काम दरवर्षी निघतं आणि दरवर्षी कोणीतरी एक्स्पोर्ट करून फळ्यावरची अक्षरं आणखी पुसट करून ठेवतं. त्यातली काही इतकी कालवलेली आहेत की इंटिग्रलची लिमिट शून्य आहे की सहा, तेच कळत नाही! एका शनिवारी लॅब उघडी ठेवली तर दोघेजण हे सगळं काप्याने करून देतील, मूळ फायली तशाच ठेवून. त्यातली एक मी.

बुरोंडीला आता मामेभाऊच ही कामं करतो, मला फोन येत नाही. वाडीच्या नमनाची एक जुनी वही आहे, पुठ्ठ्याची, तिच्यात गण आणि गौळणी हाताने लिहिलेल्या आहेत. तिच्या मागच्या पानावर त्याने चारही कमांड लिहून ठेवल्यात, देवनागरीत, मी फोनवर सांगितल्या तशाच, 'स्पेस' या शब्दासकट. गौळण झाली, गण झाला. संकासुर बाकी आहे, तो चौथ्या आणि पाचव्या फाइलच्या सांध्यावर नाचतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे तुकडे पडून असतील, लग्नाचे, भजनाचे, आजीच्या ओव्यांचे, तर लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये रविवारी सकाळी मी असते. पेन ड्राइव्ह आणणार असाल तर आधी एक्सफॅट करून आणा. ४ जीबीच्या वरची फाइल फॅट ३२ मध्ये मावत नाही, हे एव्हाना पाठ झालं असेलच.